‘बघू की नको, एवढंच सांग’

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन वर्षं सायफाय आणि अ‍ॅक्शन थ्रिलर चित्रपटांची परीक्षणं लिहिताय. सिनेमावेडे मित्र वाहवा करतात. पण मेहुणा, ऑफिसातली मंडळी, सोसायटीतले काका वाचून झाल्यावर फोन करतात आणि विचारतात, ‘ते सगळं ठीक आहे रे, बघू की नको एवढंच सांग.’ वर्षाला चार-पाच सिनेमे बघणाऱ्या या माणसांसाठी लिहायचं कसं? नमुना म्हणून ‘एज ऑफ टुमॉरो’वरचं तुमचं परीक्षणही जोडलंय. त्याकडे शेवटी येतो.

एका दैनिकाच्या पुरवणीसाठी मी वीसेक वर्षं हेच काम केलं. सुरुवातीची चार-पाच वर्षं मलाही असे फोन यायचे आणि रागही यायचा. मग सातशे शब्द खरडले कशाला? पुढे लक्षात आलं, की हा माणूस परीक्षण वाचूनच फोन करतोय. म्हणजे त्याला हवं होतं ते त्यात नव्हतं. सिनेमा मला आवडला की नाही हे त्याला कळलेलं असायचं. त्याचा प्रश्न दुसराच असायचा: मला झेपेल का?

‘झेपेल का’ हे कौटुंबिक चित्रपटाबद्दल कोणी विचारत नाही. सासू, सून, वाटणी, आजारपण, लग्न, हे सगळं प्रेक्षकाच्या ओळखीचं असतं. सायफायमध्ये जगच नवीन, त्याचे कायदे नवीन. अ‍ॅक्शनमध्ये जागा नवीन आणि माणसं पळत असतात. थ्रिलरमध्ये माहिती मुद्दाम लपवलेली. हे तिन्ही एकत्र आले की आपला साधा प्रेक्षक चाळिसाव्या मिनिटाला कुठेतरी हात सोडतो आणि बाहेर पडताना म्हणतो, ‘आपल्याला नाही बुवा कळत असलं.’ तो दोष स्वतःकडे घेतो. माझा अनुभव असा, की दोष बहुतेक वेळा सिनेमाचा असतो. विज्ञान अवघड होतं म्हणून माणूस हरवत नाही. सिनेमाने स्वतः सांगितलेला नियम स्वतःच पाळला नाही, किंवा नीट सांगितलाच नाही, म्हणून हरवतो. या प्रकारच्या चित्रपटांचं परीक्षण लिहिणाऱ्याने आधी हे तपासायचं. अभिनय, संगीत, दिग्दर्शन यांची पाळी नंतर.

हे मला माझ्या मावशीने शिकवलं. बँकेतून निवृत्त, सत्तरीची, इंग्रजी सिनेमा म्हटलं की ‘सबटायटल वाचू का चित्र बघू’ म्हणणारी. एका रविवारी तिच्याकडे टीव्हीवर ‘एज ऑफ टुमॉरो’ लावला होता. नायक पहिल्यांदा मेला तेव्हा ती म्हणाली, ‘संपला?’ तो उठून बसला तेव्हा म्हणाली, ‘हा स्वप्न बघत होता वाटतं.’ दुसऱ्यांदा मेला तेव्हा गप्प. तिसऱ्यांदा तो उठल्यावर मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘कळलं रे. सापशिडी आहे. साप लागला की परत एकवर. फक्त फासे कसे पडणार ते याला पाठ होत चाललेत.’

मी त्या सिनेमावर सातशे शब्द लिहिले होते. ‘टाइम लूप’, ‘व्हिडिओ गेमची रचना’, ‘अस्तित्ववादी पेच’, सगळं होतं. मावशीच्या सापशिडीत जे होतं ते त्यात नव्हतं.

मग मी तो सिनेमा पुन्हा बघितला, फक्त एवढ्यासाठी, की तिला ते कळलं कसं. उत्तर संकलनात होतं. पहिली फेरी पूर्ण दाखवलेली आहे: जाग येणं, सार्जंटची ओरड, तुकडीशी ओळख, विमानातून उडी, समुद्रकिनारा, मरण. दुसरी फेरीही बरीचशी पूर्ण, फक्त आता नायकाला पुढचं माहीत आहे. मग फेऱ्या आखूड होत जातात. पुढे पुढे नुसतं दचकून उठणं दाखवलं तरी मधला सगळा दिवस आपण मनातल्या मनात भरून घेतो. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला आधी पाढा शिकवला आणि मग वेग वाढवला. ज्याला चित्रपटाची सवय नाही, त्यालाही हा सिनेमा का चालतो, याचं कारण हे आहे. हे कारण परीक्षणात आलं, तर वाचणाऱ्याला ‘झेपेल का’चं उत्तर मिळतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. वहीत चित्रपटाचा नियम एका वाक्यात लिहायचा आणि तो कितव्या मिनिटाला कळला, ते मिनिट शेजारी टाकायचं. अंधारात लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढतात, घरी येऊन स्वतःचंच अक्षर लावता लावता नाकी नऊ येतात, पण ते मिनिट फार कामाचं असतं. ‘स्पीड’चा (१९९४) नियम पोरालाही सांगता येतो: बसचा वेग ताशी ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या वर गेला की बॉम्ब तयार, आणि पुन्हा खाली आला की स्फोट. ‘सोर्स कोड’चा (२०११) थोडा चमत्कारिक, पण तोही एका वाक्यात बसतो: एका सैनिकाला शिकागोकडे जाणाऱ्या लोकल गाडीत, दुसऱ्याच माणसाच्या शरीरात पुन्हा पुन्हा पाठवलं जातं, दर वेळी आठ मिनिटं, आणि तेवढ्यात बॉम्ब ठेवणारा शोधायचा. एकूण चित्रपट ९३ मिनिटांचा. मी हा सिनेमा सायफायला घाबरणाऱ्या कितीतरी जणांना सुचवला आहे.

नियम एका वाक्यात लिहिता आला नाही, तर दोन शक्यता. एक, तुमचंच लक्ष नव्हतं. तेव्हा पुन्हा बघा. दोन, सिनेमाला तो सांगायचाच नाही. ‘टेनेट’मध्ये (२०२०) वस्तू आणि माणसं काळात उलटी चालतात, आणि सुरुवातीलाच एक शास्त्रज्ञ बाई नायकाला सांगते की समजून घ्यायला जाऊ नकोस, जाणवू दे. त्यात संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात, अशी तक्रार इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनीही केली होती. आता हे वाचून तुमच्या मेहुण्याने काय करायचं? तर परीक्षणात साफ लिहायचं: गोष्ट पहिल्या खेपेला पूर्ण लागणार नाही, लागलीच पाहिजे असा हट्ट असेल तर जाऊ नका; रस्त्यावरचा, विमानतळावरचा थरार बघायचा असेल तर जा; आणि घरी बघणार असाल तर सबटायटल चालू ठेवा. हे लिहिण्यात दिग्दर्शकाचा अपमान नाही. गिऱ्हाइकाला ‘मिसळ झणझणीत आहे, दही घ्या सोबत’ म्हणण्यातला प्रकार आहे.

इथेच विज्ञानाच्या चुकांचं प्रकरण येतं. तुमच्या परीक्षणांत ‘अवकाशात आवाज ऐकू येत नाही’ छापाची वाक्यं बरीच दिसली. माझा एक मित्र पदार्थविज्ञान शिकवतो, त्याच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे पेपर तपासायला बसणं. ती मजा वेगळी आणि तिला वेगळी जागा द्या. साध्या प्रेक्षकाला अवकाशातला धमाका खुपत नाही. त्याला काय खुपतं? पहिल्या अर्ध्या तासात ‘हे यंत्र एकदाच चालतं’ असं ठासून सांगायचं आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत अडचण आली म्हणून दुसऱ्यांदा चालवायचं. तिथे तो पुटपुटतो, ‘काहीपण हं.’ हे ‘काहीपण हं’ परीक्षणात यायला हवं. ‘लूपर’ (२०१२) काळप्रवासाचं विज्ञान जवळजवळ सांगतच नाही. त्यातला एक माणूस खानावळीत बसून त्यावर बोलायला सरळ नकार देतो. पण एक गोष्ट चित्रपट स्पष्ट दाखवतो: तरुण माणसाच्या हातावर जखम केली, की भविष्यातून आलेल्या त्याच्याच म्हाताऱ्या रूपाच्या हातावर वण उमटतो. तेवढं धरून ठेवलं की बाकी सिनेमा चालतो. विज्ञान कच्चं म्हणा हवं तर, शब्द पक्का आहे.

आणि विज्ञान खरंच मध्यभागी असेल, तर ते आपल्या घरातल्या गोष्टीने सांगा. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. त्या वेळी मी ‘कालविस्तार’, ‘सापेक्षता’, ‘कृष्णविवराचं गुरुत्व’ वगैरे लिहिलं आणि उपसंपादकाने फोन करून विचारलं, ‘हे कीर्तनातल्या रेवतीसारखं ना?’ अगदी तसंच. भागवतात रैवत राजा मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथे गाणं चालू असतं म्हणून जरा थांबतो, आणि तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटलेली असतात. ज्या वाचकाने ही कथा ऐकली आहे त्याला ‘इंटरस्टेलर’ची भीती वाटायचं कारण नाही. त्याला सांगायचं ते एवढंच: ही रेवतीची गोष्ट आहे, फक्त मुलगी खाली राहिली आहे आणि बाप वर गेला आहे. चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न होते आणि २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ही माहिती छान आहे, पण ती दुसऱ्या परिच्छेदात. पहिल्या परिच्छेदात ही माहितीही द्या, की सिनेमा १६९ मिनिटांचा आहे आणि पहिला मोठा भाग शेतात आणि घरात घडतो. रॉकेटच्या आशेने आलेली मुलं तोवर कंटाळतात.

अ‍ॅक्शनकडे वळू. ‘थरारक अ‍ॅक्शन दृश्यं’ या तीन शब्दांनी वाचकाला काहीही कळत नाही. त्याला कळायला हवं ते हे, की मारामारी दिसते का. हसू नका. बऱ्याच चित्रपटांत ती दिसत नाही. नुसता खणखणाट, कोणाचा तरी कोपर, काच, आणि मग एकजण पडलेला.

याची उत्तम जोडी म्हणजे ‘द बॉर्न सुप्रीमसी’ (२००४) आणि ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५). दोन्हींत संकलनाचा वेग भन्नाट. ‘फ्युरी रोड’मध्ये दोन तासांत सुमारे २७०० कट आहेत, म्हणजे सरासरी तीन सेकंदांपेक्षाही कमी वेळात चित्र बदलतं. तरीही डोकं दुखत नाही, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि छायाचित्रकार जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक चौकटीच्या मधोमध ठेवली. चित्र बदललं तरी डोळा शोधाशोध करत नाही, जिथे होता तिथेच राहतो. सुमारे ४८० तासांच्या चित्रीकरणातून हा सिनेमा काढणाऱ्या मार्गारेट सिक्सेल यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं, ते उगीच नाही. गंमत म्हणजे याच कारणाने हा सिनेमा मोबाइलच्या पडद्यावरही बऱ्यापैकी टिकतो. ‘बॉर्न’मध्ये पॉल ग्रीनग्रास यांनी कॅमेरा हातात धरून हलवला, कारण त्यांना आपण त्या धुमश्चक्रीत सापडल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तो सिनेमा आवडतो. पण पहिल्या रांगांत बसलेल्या काही जणांना त्याने मळमळलं, हेही खरं, आणि घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला हे आधी सांगणं माझं काम आहे. ‘कॅमेरा फार हलतो, मागच्या रांगेचं तिकीट काढा’ हे वाक्य मी कितीदा लिहिलं असेल. त्याबद्दल मला जितके आभार मिळाले तितके कुठल्याही विश्लेषणाबद्दल मिळाले नाहीत.

जागेचं भान तपासायची माझी युक्ती पोरकट आहे पण चालते. मारामारी संपली की वहीत त्या जागेचा नकाशा काढायचा. दार कुठे, खिडकी कुठे, खलनायक कुठून आला. काढता आला तर दिग्दर्शकाने काम केलंय. ‘डाय हार्ड’ (१९८८) बघून मी आख्खी इमारत काढू शकतो: पार्टी चाललेला मजला, अर्धवट बांधकामाचे मजले, लिफ्टची विहीर, गच्ची. नायक जाता-येता भिंतीवरच्या एकाच चित्रावरून जातो, आणि आपल्याला न कळत कळतं की आपण पुन्हा तिथेच आलोय. तो अनवाणी आहे हे आधी दाखवलंय, त्यामुळे पुढे काचा फुटतात तेव्हा पाय आपले आखडतात. त्या चित्रपटाचे छायाचित्रकार यान दे बाँट, आणि पुढे ‘स्पीड’चं दिग्दर्शन त्यांनीच केलं. म्हणूनच असेल, त्या बसमध्येही कोण कुठल्या सीटवर बसलंय हे आपल्याला अजून आठवतं. ‘जॉन विक’चे (२०१४) दिग्दर्शक चॅड स्टॅहेल्स्की हे ‘मेट्रिक्स’मध्ये कीआनू रीव्ह्जचे, म्हणजे ‘जॉन विक’च्याच नायकाचे, स्टंट डबल (धोक्याची दृश्यं नटाऐवजी करणारे) होते. नट स्वतः मारामारी शिकलेला असला की कॅमेरा लांब ठेवून, न तोडता दाखवता येते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार!

आता रहस्य फोडण्याबद्दल. यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझा नियम सोपा आहे: पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत चित्रपट जे सांगतो ते लिहावं, त्यापुढचं नाही. पण या नियमालाही अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ‘टर्मिनेटर २’च्या (१९९१) सुरुवातीला भविष्यातून दोघे येतात. एक पोराला मारायला, दुसरा वाचवायला. १९८४च्या पहिल्या भागात श्वार्झनेगर मारेकरी होता, त्यामुळे प्रेक्षक त्यालाच घाबरून बसावा अशी सगळी रचना आहे. जाहिरातींनी मात्र आधीच सांगून टाकलं, की या वेळी तो चांगला आहे! आज कोणी पोरगा हा सिनेमा पहिल्यांदा बघणार असेल तर मी ते सांगणार नाही, ट्रेलरने सांगितलं असलं तरी. ट्रेलरमध्ये आहे म्हणजे लिहायला मोकळीक, असं समजू नका. तुमचा मेहुणा ट्रेलर बघत नाही, तुमचं परीक्षण वाचतो.

याच्या उलटही होतं. काही गोष्टी लपवणं म्हणजे वाचकाला फसवणं. ‘ड्यून’ २०२१ मध्ये आला तेव्हा पोस्टरवर नुसतं ‘ड्यून’ होतं. चित्रगृहात दिवे गेल्यावर पडद्यावर ‘भाग पहिला’ अशी अक्षरं उमटली. अडीच तासांहून जास्त बसून गोष्ट अर्धीच. ‘कल्की २८९८ एडी’चंही (२०२४) तेच, तीन तास बसायचं आणि पुढच्या भागाची वाट बघायची. ‘गोष्ट या भागात पूर्ण होत नाही’ हे सांगणं म्हणजे रहस्य फोडणं नव्हे. चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग यांचा खर्च करणाऱ्या माणसाला ते आधी कळायला हवं. तसंच आधीचे भाग बघणं किती गरजेचं, तेही. ‘सगळे बघून या’ असं लिहू नका, कोणी बघत नाही. नेमका कुठला एक बघितला तर भागेल ते सांगा.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी पटकन उरकतो. लांबी मिनिटांत लिहा. हॉलिवूडच्या सिनेमात मध्यंतर लिहिलेलं नसतं, आपली चित्रगृहं ते मध्येच कुठेतरी घालतात, कधी कधी ऐन पाठलागात. तुम्ही पत्रकारांच्या खेळाला सलग बघितला असेल आणि वाचक तोडून बघणार असेल, तर त्याचा आणि तुमचा सिनेमा एक नव्हे. थ्रीडीचा चष्मा लावला की चित्र काळवंडतं. निम्मा सिनेमा रात्रीचा असेल तर साधं तिकीट काढायला सांगा. हिंदी डब कसं झालंय ते शक्य असेल तर स्वतः ऐका. आपल्याकडे फार मोठा वर्ग ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदीत आला तेव्हापासून हे सिनेमे हिंदीतच बघत आलाय, आणि परीक्षणं लिहिणारे आपण मात्र मूळ इंग्रजीवर लिहितो.

मुलांबद्दल मात्र थांबून लिहितो, कारण तिथे मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय. एका सायफाय थ्रिलरला मी ‘सहकुटुंब बघावा असा’ लिहिलं. रक्त नव्हतं, शिव्या नव्हत्या, प्रमाणपत्र यूए. पुढच्या आठवड्यात एका वडिलांचं पत्र आलं: मुलगी आठ वर्षांची, त्यात एका पात्राचा चेहरा हळूहळू बदलतो ते बघून पंधरा दिवस एकटी झोपत नाही. मी ते दृश्य ‘प्रभावी रंगभूषा’ म्हणून कौतुकाने लिहिलं होतं! तेव्हापासून मी ‘सहकुटुंब’ हा शब्द वापरत नाही. काय आहे ते लिहितो: बंद जागेत बुडण्याचं दृश्य आहे, सुया आहेत, कुत्रा मरतो. कुत्रा मरतो हे आवर्जून. माणसं शंभर मेली तर चालतात लोकांना, कुत्रा चालत नाही. २०२४च्या नियमांपासून सेन्सॉर बोर्डाच्या यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, त्यामुळे पालकांना थोडी मदत झाली आहे, तरी वय सांगणं वेगळं आणि कशाची भीती वाटेल ते सांगणं वेगळं. शिवाय चित्रगृहात कापलेलं काही घरी ओटीटीवर न कापता येऊ शकतं, तेही ध्यानात ठेवा.

तुम्ही स्टार द्यावेत का, असंही विचारलंय. द्या, संपादक सोडत नाहीतच. पण रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचा टक्का तुमच्या परीक्षणात चिकटवू नका, निदान तो काय आहे ते सांगितल्याशिवाय तरी नको. तो टक्का म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं मत एकूण अनुकूल आहे, एवढंच तो सांगतो. साठ किंवा त्याहून जास्त असेल तर टोमॅटो ताजा. दहा जणांनी ‘ठीक आहे, बघा’ म्हणून पाचपैकी तीन स्टार दिले तरी शंभर टक्के होतात. पाच जण वेडे झाले आणि पाच जण वैतागून उठले, तर पन्नास. सायफायमध्ये हा दुसरा प्रकार बराच आढळतो, आणि तिथेच तुमच्या वाचकाला तुमची गरज असते: वेडे कोण झाले, वैतागले कोण, आणि मी त्यातला कोणता.

आता तुमचं परीक्षण. सुरुवात अशी आहे: ‘टॉम क्रूझच्या दमदार अभिनयाने नटलेला आणि नेत्रदीपक व्हीएफएक्सची मेजवानी देणारा हा चित्रपट प्रेक्षकाला शेवटपर्यंत खुर्चीला खिळवून ठेवतो. मध्यंतरानंतर काहीसा रेंगाळत असला तरी एकदा पाहायला हरकत नाही.’ यात तुमचा दोष कमी आहे, ही वाक्यं आपल्या सगळ्यांच्या बोटांत बसलेली आहेत. पण यातला नट बदलून हा मजकूर कुठल्याही सिनेमाला लावून बघा. लागतो. मेजवानी, खिळवणं, रेंगाळणं आणि ‘हरकत नाही’, या चार गोष्टी एक वर्षभर तरी कपाटात ठेवा.

मी लिहिलं असतं ते असं:

‘मेजर केज हा सैन्याचा प्रसिद्धी अधिकारी. कॅमेऱ्यासमोर पटाईत, रणांगणात शून्य. परग्रहवासीयांशी युद्ध चालू असताना त्याला जबरदस्तीने आघाडीवर धाडतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच वेळात तो मरतो, आणि पुन्हा आदल्या दिवशी लष्करी तळावर जागा होतो. दर मरणाला हेच. साप लागला की परत एकवर, फक्त फासे त्याला पाठ होत जातात. विज्ञान यापलीकडे फारसं समजून घ्यावं लागत नाही, आणि पहिल्या दोन फेऱ्या चित्रपट सावकाश दाखवतो, तेव्हा घाबरू नका. टॉम क्रूझला इतक्या वेळा, इतक्या हास्यास्पद तऱ्हांनी मरताना बघण्यात मजा आहे; एमिली ब्लंट त्याला शिकवताना चूक झाली की सरळ गोळी घालते, तिथे चित्रगृह हसतं. युद्ध गोंगाटाचं आहे, रक्त फार नाही, पण ते प्राणी अंगावर झेपावतात तेव्हा लहान मुलं दचकतील. शेवटाची दहा मिनिटं जरा सोयीची वाटली. ११३ मिनिटं. आधीचं काही बघावं लागत नाही.’

हे सव्वाशे शब्दांच्या आसपास आहे. मेहुण्याला एवढं पुरेल. याच्या खाली तुम्हाला हवं ते लिहा: हिरोशी साकुराझाका यांच्या २००४च्या जपानी कादंबरीवर हा आधारलेला आहे, ती कादंबरी आणि हा चित्रपट यांत काय बदललं, व्हिडिओ गेमचा प्रभाव, सगळं. तो भाग तुमच्या मित्रांसाठी आणि तो तुम्ही छान लिहिता, तो तोडू नका. क्रम तेवढा उलटा करा. सध्या मेहुण्याला हवं ते शेवटच्या ओळीत आहे आणि तिथवर तो पोचत नाही.

एक किरकोळ दुरुस्ती. दिग्दर्शकाचं नाव तुम्ही एकदा ‘लिमन’ आणि एकदा ‘लिमान’ लिहिलंय. उच्चार डग लायमन. ‘बॉर्न’ मालिकेतला २००२चा पहिला चित्रपट यांचाच, कॅमेरा हलवणारे ग्रीनग्रास दुसऱ्या भागापासून आले.